कोठीमागचे जव

मी आयुष्यात एकदाच बिअर बनवायला घेतली, आणि तिच्यापुढे अकरा नारळ फुटले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पोंभुर्ण्याला वनखात्यात कारकून होतो. बल्लारशाहून सुमनताई आणि भाऊजी आले होते. जेवताना भाऊजी म्हणाले, "तुमच्या जंगलात मोहाच्या दारूशिवाय काय भेटते?" मी गुमान जेवायचं सोडून बोलून गेलो, "बिअर बी होते. तुमाले ठाव नाई, एवढंच." ताई हसली आणि भाऊजींना ते झोंबलं. ते ताटावरून उठले. (चूक माझीच. पण हे मी आज म्हणतो. तेव्हा मी आणखी भात मागितला होता.)

"पहिले ते बिअर पाज," ते म्हणाले, "मंग तुह्या बहिणीले नेतो." आणि एकटेच गेले.

"मी का बाटलीचं झाकण हावो?" ताई म्हणाली. त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. माय चुलीपुढे बसून डोळे पुसायची, आणि धुराचं नाव सांगायची. मला फार वाईट वाटायचं.

अखेर एका जुन्या मासिकात कृती सापडली. मोड आलेले जव, कडू फुलं आणि खमीर. जव पूजेच्या दुकानात मिळाले. कडूसाठी मी आठवडी बाजारात सोनाबाईकडे गेलो. ती जंगलातला पाला, मुळ्या विकायची. तिनं भुईनिंबाची जुडी काढली.

"ताप कोणाले हाय?"

"कोणालेच नाई. प्याले पाह्यजे."

"ताप नसतानी हे कोन पेते, भाऊ?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. खमिरासाठी धायटीची लाल फुलंही तिनंच दिली. "यानं फसफसते. पन मोह सोडून एवढा तरास काऊन करून राह्यला?"

जव भिजवून टोपलीत भरले, वर ओलं पोतं टाकलं आणि टोपली धान्याच्या कोठीमागे ठेवली. मोड दिसला की वाळवायचे, एवढंच काम. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला आठ दिवस जंगलात लाकूड मोजायला पाठवलं.

परत आलो तर दारात चपलाच चपला. आत टोपलीत वीतभर उंच, पिवळाधम्मक जवारा. भोवती हळदकुंकू, दिवा, उदबत्ती. आमच्याकडे नवरात्रात देवीपुढे जव पेरतात. जवारा पिवळा आला की घराचं भलं होतं, असं मानतात. इथे तर नवरात्र नव्हतं आणि कोणी पेरलंही नव्हतं.

"न पेरता उगवली रे देवी," माय रडत म्हणाली. "माह्या सुमनचं घर सांभाळाले आली."

भुईनिंबाची जुडी तिनं दारावर तोरण म्हणून बांधली होती. मी खरं सांगायला तोंड उघडलं. ताई कोपऱ्यात बसली होती, मांडीवर ते मासिक घेऊन.

"बाबू, चूप राह्य," ती म्हणाली. महिनाभरातले तिचे पहिले शब्द.

बल्लारशाला निरोप तिनंच धाडला होता. देवी आल्याचं ऐकून भाऊजी तिसऱ्या दिवशी हजर. नारळ फोडला, डोकं टेकवलं, आणि मग माझ्या कानाशी लागले, "ते बिअरचं का झालं?"

"आताच पाया पडले तुमी तिच्या."

भाऊजींनी वाकून टोपली हुंगली. मग त्यांनी पुन्हा एकदा डोकं टेकवलं आणि ताईला म्हणाले, "चाल, येतं का?" तिनं पिशवी सकाळीच भरून ठेवली होती.

देवीनं मला निवडलं, असं मायनं जाहीर केलं. तेव्हापासून दर नवरात्रात जव मीच पेरतो, नऊ दिवस उपास धरतो, आणि पेरणाऱ्यानं बाटलीला जन्मभर शिवायचं नाही. भाऊजी बल्लारशाला विकतची पितात. कशी लागते, ते मी अजून त्यांनाच विचारतो.