पाण्याला नाही म्हणू नये

वैशाखातल्या दुपारी आत्याच्या विहिरीच्या काठाशी एक गारवा रेंगाळत असे. ओल्या दगडाचा, शेवाळाचा आणि वरून गळून पडलेल्या पिकल्या उंबरांचा वास त्यात मिसळलेला असे. येरवडा ओलांडून पुढे, जिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र लोंबते, तिथे ही विहीर होती. गाव महापालिकेत गेले, नळ मात्र गावात आले नाहीत; त्यामुळे निम्मे गाव तिथेच पाणी भरी आणि आत्याने कधी कुणाला अडवले नाही. पाण्याला नाही म्हणू नये, एवढेच तिचे तत्त्वज्ञान होते.

त्यानेच तिचा घात केला. अशाच एका दुपारी एक सौजन्यशील गृहस्थ घामाघूम होऊन आले. रीतीप्रमाणे आत्याने त्यांना गूळ-पाणी दिले. त्यांनी चवीचे कौतुक केले, नमुन्यासाठी एक बाटली मागितली, तीही तिने स्वतः विसळून भरून दिली, आणि नमुना नेल्याची पोच म्हणून त्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली. चष्मा घरात राहिला होता, आणि पाहुण्याला उन्हात ताटकळत ठेवणे तिच्या स्वभावात नव्हते. वर्षभरात शेजारच्या विकल्या गेलेल्या शेतात बाटलीबंद पाण्याचा कारखाना उभा राहिला, खोल बोअर घेतले गेले, आणि विहिरीची एकेक पायरी उघडी पडू लागली.

गाव चिडून उठले. बायका रिकामे हंडे घेऊन कारखान्याच्या फाटकाशी बसल्या, सर्वांत पुढे आत्या. मी कोथरूडला पंख्याखाली बसून निवेदने लिहिली. निवेदने लिहिण्यात आम्हा पुणेकरांचा हात कोण धरणार! त्या निवेदनांवरच्या सुनावणीच्या दिवशी कारखान्याच्या कंपनीच्या माणसाने शांतपणे एक कागद वाचून दाखवला: विहिरीच्या मालकिणीने पाणी तपासणीसाठी स्वखुशीने दिले असून बोअरला तिची हरकत नाही. खाली आत्याची ठसठशीत सही होती. बायका तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि ते बघणे मला अजून विसरता येत नाही. भीड भिकेची बहीण, असे परतताना कुणीतरी तिला ऐकू जाईल इतपत म्हणाले. फाटकाशी बसणाऱ्या बायका हळूहळू पांगल्या. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला.

तुला फसवले गेले, तुझी चूक नव्हती, हे मी आत्याला कितीदा सांगितले. ती ऐकून घेई आणि चहा ठेवायला उठे.

मग एकदा रविवारी मी तिच्याकडे गेले होते. टँकर नुकताच येऊन गेला होता, पिंप अर्धे भरलेले होते, आणि आम्ही ओसरीवर बसलो होतो. समोरच्या इमारतीवरचा एक उतारवयाचा सुरक्षारक्षक दाराशी येऊन अजिजीने म्हणाला, "ताई, जरा पाणी मिळेल का प्यायला?"

आत्याने त्याच्याकडे पाहिले नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "पाणी न्हाई."

तो बरं म्हणून उन्हात परत गेला. आत्या बराच वेळ आपले कोरडेच हात पदराला पुसत राहिली. माझ्या पिशवीत विकत घेतलेली भरलेली बाटली होती. आत्यासमोर ती बाहेर काढण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या दुपारी त्या तहानलेल्या माणसाला आम्ही दोघींनी नाही म्हटले.