गाठीचा उपास

रिसोडजवळच्या त्या गावात रोडग्यांची पंगत बसली की वांग्याची भाजी वाढायला जगदेवच लागायचे. कोणी पानावर हात आडवा धरला तर ते बोटांच्या फटीतून भाजी सोडायचे आणि म्हणायचे, "लाजता कायले? तुमच्या घरची हाय का?"

सत्तरी ओलांडली आणि त्यांच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं. तोवर दूध, अंडी, डाळ, जे पचेल ते खाऊ घाला, वजन वाढू द्या, असं त्यांनी जगदेवांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना बजावलं. पण गावात शेजारच्या वच्छलाने वेगळंच सांगितलं. माणसाने खाल्लेलं आधी गाठ खाते, तिला उपाशी ठेवलं तर ती सुकते. मुळाचं पाणी तोडलं की झाड वाळतं, हे मनकर्णाबाईंनी शेतात पाहिलेलं होतं. त्यांना ते पटलं.

जगदेवांच्या ताटात पातळ पेज आणि भाकरीचा तुकडा येऊ लागला. ते चुलीवरच्या भाजीच्या गंजाकडे बघायचे, पण मागायचे नाहीत. मनकर्णाबाईही तेवढंच खायच्या. बाबा जेवले का, असं मुलाने, मुन्नाने फोनवर विचारलं, की हो म्हणायच्या.

ऑपरेशन पार पडलं, पण जखम भरेना. एवढे खंगले कसे, घरी खायला देत नव्हते का, डॉक्टरांनी खाटेशी येऊन मुन्नासमोरच विचारलं. मनकर्णाबाई तोंड उघडणार, तोच जगदेव म्हणाले, "थे ताट घेऊन माह्या मांगं फिरे, साहेब. मीच खाल्लं नाही."

डॉक्टर आणि मुन्ना बाहेर गेल्यावर मनकर्णाबाईंनी डोळे पुसत विचारलं, "खोटं काहून बोलले तुमी?"

"तू तं गाठीले उपाशी ठेवलं. मले थोडीच?"

मग त्या चमच्याचमच्याने वरणाचं पाणी पाजत राहिल्या. दोन चमच्यांनंतर ते वाटीवर हात आडवा धरायचे. बोटांच्या फटी आता रुंद झाल्या होत्या. पण फटीतून वाढणं मनकर्णाबाईंना जमलं नाही.

थंडी सरायच्या आत जगदेव गेले.

तेरवीला बायका जवळ बसून म्हणत होत्या, बाई, तू ताट घेऊन त्यांच्या मागं फिरली, तुझ्याकडून काही कमी नाही पडलं. वच्छलाही मान हलवत होती. मनकर्णाबाईंनी खाली बघितलं. नवऱ्याने जाताना पदरात टाकलेलं ते खोटं त्यांना टाकताही येईना आणि गिळताही येईना.