बरोबरी झाली तर

दादा माझ्याहून बराच मोठा. खारबावच्या घरात बुद्धिबळ त्यानेच मला शिकवलं. वळ गावातल्या गोदामात सुपरवायझर झाल्यावरही रविवारी माझ्याशी एक डाव खेळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मी लग्न होऊन निजामपुऱ्यात आले, शाळेत गणित शिकवू लागले; रविवार मात्र माहेरचाच राहिला.

एका वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता आपली गादी राखायला खेळलाच नाही, स्वतःहून बाजूला झाला. उरलेल्या दोघांची लढत बरोबरीत सुटली आणि निकाल कमी वेळाच्या जलद डावांवर लागला. दादा खवळला. जो हरलाच नाही त्याची गादी दुसऱ्याला मिळतेच कशी, आणि तीही घाईच्या खेळावर? मी म्हणायचे, कुठेतरी थांबायला हवंच की.

“टेस्ट बरोबरीत सुटली म्हणून सुपर ओव्हर घेतात का?” तो विचारायचा. “खेळत राहायचं. एक जण हरेपर्यंत.”

“आणि महिनोन्‌महिने कोणी हरलाच नाही तर?”

“न्हाय हरला तर न्हाय. घाई कुनाला हाय?”

हा वाद आम्हाला कितीतरी दिवस पुरला. ताटं वाढून वहिनी हाका मारत राहायची. शिफ्ट सुटली की दादा फोन करून नवा मुद्दा ऐकवायचा.

मग ड्युटीवर असतानाच त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय. समजतं किती, ते सांगता येत नाही.

जगज्जेतेपदाच्या पुढच्या लढतीत आपल्या देशाचा पोरगा होता. शेवटच्या डावाआधी गुण सारखे झाले, तेव्हा शाळेतून मी थेट खारबावला गेले. खाटेशी बसून दादाला सगळं सांगितलं आणि मुद्दाम म्हणाले, “उद्या बरोबरी झाली तर जलद डाव. तेच योग्य ना?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

नीट ऐकलं नसेल, असं वाटलं. जरा वेळाने विचारलं, “की तुझंच बरोबर? एक जण हरेपर्यंत खेळायचं?”

त्याने तशीच मान हलवली. डोळ्यांत राग नव्हता. मग मी चिठ्ठ्या टाकायच्या का, असंही विचारलं. त्यालाही हो.

वहिनी पेज घेऊन आली. “वन्सं, बघा कसे शांत झालेत,” ती म्हणाली. “आता कशालाच न्हाय म्हनत न्हाईत.”

तिला त्यातच दिलासा होता. मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि त्याला भरवू लागले. एकेक घोट तो निमूट गिळत होता.

दुसऱ्या दिवशी समोरच्याची एक चूक झाली आणि पोरगा जिंकला. जलद डावांची वेळच आली नाही. शाळेत पेढे वाटले. मी फोन केला, वहिनीने तो दादाच्या कानाला लावला. बातमी सांगून मी थांबले. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

रविवारी मी अजून जाते. खेळाच्या बातम्या वाचून दाखवते. बाजू मात्र कुणाची घेत नाही.