शत्रूनं मोजे दिले

"अगं, तूच बघ ना. तुझ्या तर रक्तातच आहे ते."

असं म्हणून नीलाकाकूंनी चप्पल माझ्या हातात दिली. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांसमोर. अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या त्यांच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये. बाहेर बर्फ पडत होता, आत तिळगुळाचं ताट फिरत होतं. आणि मी आईच्या लग्नातली साडी नेसून चप्पल धरून उभी.

चप्पल नीलाकाकूंच्या बहिणीची. ती कराडहून महिनाभरासाठी आली होती. मीही कराडची. माहेरचं माणूस भेटलं म्हणून मीच हुरळून बोलायला गेले. तिनं विचारलं, कराडात कुठं? म्हटलं, एसटी स्टँडजवळ. मग माहेरचं आडनाव विचारलं. मग डोळे बारीक केले.

"म्हणजे तू स्टँडसमोरच्या अण्णांची? अगबाई! माझ्या कॉलेजच्या चपला सगळ्या तुझ्या वडिलांनीच शिवल्यात!"

ती आनंदानं बोलली हो.  पण सगळ्या एकदम लाडवाच्या पाकाबद्दल बोलायला लागल्या. तेवढ्यात ती आतून आपली कोल्हापुरी घेऊन आली. अंगठा सुटला होता. बहिणीच्या हातातून ती नीलाकाकूंनी घेतली आणि माझ्या हातात दिली.

मी शिवली. हेच मला जाळतं. नाही म्हणायचं सुचलंच नाही. त्यांच्या शिवणाच्या डब्यातली जाड सुई घेतली, खाली बसले आणि अंगठा शिवून दिला. कुणीतरी म्हणालं, "वॉव, काय टॅलेंट आहे!"

"थँक्यू गं," नीलाकाकू म्हणाल्या. "आता हात धुऊन ये हं. मग कुंकू लावते. साबण बेसिनपाशीच आहे."

चपलेला हात लावल्यावर कुणीही हात धुतं. बरोबर ना? तेच तर. पकडायला काही सापडतच नाही. ओरडायला जावं तर आपणच वेडे ठरतो. मी दोनदा साबण लावला. वर आरशात बघितलं तर माझं तोंड अण्णांसारखं दिसलं. गिऱ्हाईक चप्पल पायानं पुढं सरकवायचं, तेव्हा अण्णा जसे दिसायचे तसं.

गाडीत नवरा म्हणाला, "सोड ना यार. त्यांना तसं म्हणायचं नसेल." तोही आमच्यातलाच. ऑफिसात लंचला कुणी जातीवर आलं की तो पाण्याची बाटली भरायला उठतो. त्याला काय बोलणार.

आम्ही चांभार. मला इथं येऊन बरीच वर्षं झाली, आणि हा शब्द मी इथल्या एकाही मराठी माणसासमोर उच्चारला नव्हता. गंमत म्हणजे काम मी तेच करते. पायांच्या क्लिनिकमध्ये. कुणाची डायबेटिसनं बोटं गेलेली, कुणाची टाच फिरलेली. त्यांच्या पायाचा साचा घेते, बूट बनवते, बसवून देते. इथं त्याला सर्टिफिकेट लागतं आणि पांढरा कोट मिळतो. इथल्या मराठी मंडळात लोक विचारायचे तेव्हा मी "हेल्थकेअर" म्हणायचे.

तिथंच रामोनकाका भेटले. काका मी मनातल्या मनात म्हणायचे. मूळचे अर्जेंटिनाचे, उत्तरेकडच्या उष्ण भागातले. आयुष्यभर इथं सुतारकाम केलं. उजव्या पायाला एकही बोट नाही, डाव्याला दोन. फॉकलंडच्या युद्धात गेली. ते मात्र त्या बेटांना फॉकलंड म्हणू द्यायचे नाहीत. अर्जेंटिनात म्हणतात तसं माल्विनास म्हणायचे.

युद्ध दोन-अडीच महिन्यांचं. अर्जेंटिना आणि ब्रिटन. दक्षिणेच्या टोकाला, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असलेल्या बेटांसाठी. "तोफगोळा पडला," असं ते सगळ्यांना सांगायचे. इथल्या अर्जेंटिनाच्या लोकांच्या क्लबात दरवर्षी एप्रिलमध्ये, युद्धाच्या स्मरणदिनी, त्यांना व्यासपीठावर बसवायचे, छातीवर पदक लावून.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी ते बूट घ्यायला आले. मी बसवत होते आणि माझे डोळे वाहायला लागले. पेशंटसमोर! मी सॉरी म्हणाले. ते म्हणाले, "कुणी केलं?"

मी सांगितलं. सगळं. चप्पल, सुई, साबण. "आमच्याच माणसांनी," असं म्हटलं.

ते आपल्या पायाकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तोफगोळा पडलाच नव्हता."

एकोणीस वर्षांचे होते. सक्तीनं भरती केलेले. बर्फ कधी बघितला नव्हता. बूट गळके, खंदकात घोट्याएवढं पाणी. जेवण पोचायचंच नाही. अधिकाऱ्यांच्या तंबूत डबे होते म्हणे. भूक सहन होईना म्हणून तिघांनी मिळून एक मेंढी मारली. लेफ्टनंटला कळलं. त्यानं रामोनना ओल्या जमिनीवर उताणं झोपवलं, चार खुंट्या ठोकल्या आणि हातपाय बांधले. दिवसभर. त्या थंडीत.

"इतर दोघांना का नाही?" मी विचारलं.

"ते गोरे होते. शहरातले. मी काळा, आणि आईची आदिवासी भाषा बोलणारा. गावंढळ."

सोडलं तेव्हा बोटं काळी पडली होती. लेफ्टनंट म्हणाला, "घरी जाऊन तोंड उघडलंस तर झेंड्याची अब्रू जाईल." थोड्याच दिवसांत त्यांच्या बाजूनं शरणागती पत्करली. एका इंग्रज शिपायानं त्यांना पकडलं. त्यानं रामोनचे बूट काढले, पाय बघितले, शिवी हासडली आणि आपल्या पिशवीतले कोरडे मोजे काढून त्यांच्या पायांत घातले.

"शत्रूनं मोजे दिले," रामोनकाका म्हणाले. "आणि मी आयुष्यभर त्याच्याच नावानं खोटं बोललो. झेंड्यासाठी. तू असं करू नकोस, पोरी."

मी म्हटलं, तुम्ही आता सांगा ना. ते म्हणाले, "या एप्रिलला सांगतो. क्लबात." मग दारातून मागं वळले. "नाहीच जमलं, तर तू सांग."

फेब्रुवारीत नीलाकाकूंचा फोन आला. महिला दिनाला मंडळ माझा सत्कार करणार होतं. हेल्थकेअरमधली मराठी स्त्री म्हणून.

"तुझ्या वडिलांचा फूटवेअरचा बिझनेस होता, असं बोलू आपण. छान वाटतं," त्या म्हणाल्या. "ते दुसरं काही काढू नकोस हं. इथल्या मुलांना कशाला ते जातबित? आपण सगळे मराठी. उगाच मंडळाचं नाव खराब नको."

मी "बरं काकू" म्हणाले. तोंडातून आपोआप गेलं. फोन ठेवला आणि लेफ्टनंट आठवला.

त्याच आठवड्यात अण्णांचाही फोन. मे महिन्यात ते पहिल्यांदा अमेरिकेला येणार होते. तिकीट काढलं होतं, स्वेटर घेतला होता. तरी काहीतरी घोळत होतं. शेवटी म्हणाले, "तुझ्या तिथल्या लोकांनी विचारलं तर मी काय करत होतो म्हणून सांगू गं? तू म्हणशील तसं सांगतो. तुला खाली बघायला लागू नये."

माझ्या बापानं मला शिकवलं ते स्टँडसमोर पोत्यावर बसून. धूळ खाऊन. आणि तो माणूस मला विचारतोय, मी कोण होतो ते सांगू का.  रेंज नाही असं सांगून मी फोन ठेवला.

मार्च उजाडायच्या आत रामोनकाका गेले. झोपेतच, हार्ट. त्यांच्या बायकोनं क्लिनिकला कळवलं म्हणून मी फ्युनरलला गेले. शवपेटीशेजारी झेंडा. क्लबाचा अध्यक्ष बोलायला उठला आणि आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत म्हणाला, शत्रूच्या तोफगोळ्यानं या वीराची बोटं हिरावली. सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागच्या बाकावर होते. उठायला गेले आणि पुन्हा बसले. परका देश, परका क्लब, परकी भाषा. मी कोण, असं वाटलं. आणि तो खोटेपणा त्यांच्याबरोबर मातीत गेला.

पेटी बंद करण्याआधी मी जवळ जाऊन बघितलं. पायांत मी बनवलेले बूट होते. पुढं भरलेले, बोटांच्या जागी. बघणाऱ्याला पाय अगदी धडधाकट वाटावेत असे. मीच केले होते तसे, आणि चांगलेच जमले होते. मला तिथं हुंदका आवरेना.

त्यांची बायको माझा हात धरून म्हणाली, "झोपेत ओरडायचे. सोडा, सोडा म्हणून. मला वाटायचं इंग्रजांना म्हणतात." तिला मी तिथंच, पार्किंगमध्ये, सगळं सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "क्लबात मी सांगेन." सांगेल का, मला माहीत नाही.

मी मात्र माझं सांगितलं. महिला दिनाला. नीलाकाकूंनी शाल घातली, नारळ दिला, "फूटवेअर फॅमिलीतली आपली गुणी मुलगी" म्हणाल्या. माईक माझ्या हातात आला. 

"माझे वडील कराडच्या स्टँडसमोर बसून लोकांच्या चपला शिवायचे. आम्ही चांभार. मी आज जे करते ते त्यांच्याकडून शिकले. जानेवारीत नीलाकाकूंच्या हॉलमध्ये मला चप्पल शिवायला लावली आणि कुंकवाआधी हात धुवायला पाठवलं. ते चूक होतं. मी तेव्हा बोलले नाही. आता बोलले."

एवढंच. टाळी एकही नाही. नीलाकाकू ओठ आवळून म्हणाल्या, "हे इथं काढायची गरज होती का?"

"होती," मी म्हटलं. शाल खुर्चीवर ठेवली. नारळही.

त्यानंतर मंडळाच्या ग्रुपवर मला कुणी उत्तर देत नाही. दोन मैत्रिणी गेल्या. एक जवळची होती, तिची आठवण येते. नवरा चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं चहा केला आणि म्हणाला, "ऑफिसात आज मी उठलो नाही. बसून राहिलो." बस, एवढंच म्हणाला.

मी अण्णांना फोन लावला. "तुम्ही चपला शिवायचात असं सांगायचं. कुणीही विचारलं तरी. न विचारता सांगितलंत तरी चालेल."

 तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आणि येताना तुमची चपला शिवायची आरी आणा," मी म्हटलं. "हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाका. विमानात काढून घेतात."

ती आरी मी क्लिनिकमध्ये माझ्या टेबलावर ठेवणार आहे, सगळ्यांना दिसेल अशी. आणि पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्या घरी. नीलाकाकूंनाही बोलावणार. आल्या तर कुंकू लावीन. नाही आल्या तर नाही. पण चप्पल शिवलेल्या हातानंच लावीन, आणि त्याआधी तो हात धुणार नाही.