व्याह्यांची सुरी

“बाबांनी मॉलच्या दारात रखवालदारावर सुरी काढली आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेलं!”

हे वाक्य माझ्या जावयाने गेल्या महिन्यात, स्वतःच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत, एकदा नव्हे तर तीनदा ऐकवले. प्रत्येक वेळी पंगत आधीपेक्षा जास्त हसली. मी हसलो नाही. या वाक्यात मॉल खरा आहे, दार खरे आहे आणि सुरीही खरी आहे. त्यांना जोडणारी सगळी क्रियापदे खोटी आहेत. त्यातही जावई त्या वेळी तिथे नव्हता. तो तळघरात गाडीला जागा शोधत होता. तिथे होतो तो मी. तरीही, हसणे ओसरल्यावर माझी नऊ वर्षांची नात सई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “नाना, आबा गुंड होते का?” माझ्या तोंडात वड्याचा घास होता. “उद्या सांगतो,” एवढेच मी बोललो. तो उद्या आज उजाडला आहे.

माझे व्याही हे ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या टापूतले सर्वांत निरुपद्रवी सशस्त्र गृहस्थ होते. हे विधान मी पूर्ण विचारान्ती करतो आहे, आणि ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी वर्तकनगरला माझ्या घरी येऊन वाद घालावा. मानपाड्याजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये या माणसाचे सारे आयुष्य गेले. लोखंड कापणाऱ्या यंत्रकरवतीचे पाते झिजून मोडले की ते भंगारात जात असे. पण त्या पोलादाची जात अशी की तसे पोलाद बाजारात मागूनही मिळू नये. त्या काळी टूलरूममधल्या बहुतेक कारागिरांच्या घरी अशा मोडक्या पात्याची एक सुरी असायचीच. आमच्या व्याह्यांनी आपली सुरी जेवणाच्या सुट्टीत, अर्धा डबा टाकून, दोन महिने घासली होती. पाते सहा इंचांचे. दांडा त्यांच्या आईच्या मोडलेल्या बाजेच्या शिसवी खुराचा. म्यान जुन्या पट्ट्याच्या चामड्याचे, स्वतः शिवलेले. ही सुरी त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात असे, आणि माझी खात्री आहे की ती नसती तर त्यांना चालताना डावीकडे तोल गेल्यासारखे वाटले असते.

माणसाची पारख ते धारेवरून करीत. माझ्या मुलीला पाहायला ही मंडळी आली तेव्हा सौभाग्यवतीने पोहे केले होते, मुलीने साडी नेसली होती, मी माझ्या पदव्यांचा उल्लेख सहज येईल अशा रीतीने संभाषण वळवीत होतो. व्याह्यांनी पोहे खाल्ले, पाणी प्याले आणि म्हणाले, “जरा तुमची विळी बघू?” सौभाग्यवतीने विळी आणून दिली. त्यांनी ती पाटावर मांडली, चष्मा कपाळावर चढवला, अंगठा पात्यावरून आडवा फिरवला आणि आपल्या पत्नीकडे बघून मान हलवली. “घर कामाचं आहे,” ते म्हणाले, “आपल्याकडून होकार.” मुलीकडे त्यांनी त्यानंतर पाहिले. आदल्याच दिवशी धारवाला आमच्या इमारतीखाली आला होता, हे गुपित मी त्यांना लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितले. ते म्हणाले, “ते मला तेव्हाच कळलं होतं, व्याहीबुवा. पण धारवाल्याला हाक मारायचं सुचतं तेही घर कामाचंच.”

दर रविवारी सकाळी त्यांच्या दारात विळ्यांची रांग लागे. ओल्या दगडावर पाते फिरू लागले की एक मंद, लांबट आवाज येई, आणि तो ऐकता ऐकता मला खुर्चीतच डुलकी लागे. जाग आली की समोर पाण्याचा एक राखाडी ओघळ आणि पलीकडे खाली वाकलेले त्यांचे टक्कल. “बोथट पातं माणसाला कापतं,” ते सांगत. “त्याला जोर लावावा लागतो ना, म्हणून. धारेचं पातं सांगितलेलं ऐकतं.” शेजारच्या एका ताईंनी विचारले होते, “आबा, माझ्या सुनेला पण लावून द्या की धार.” त्यावर ते गंभीरपणे म्हणाले होते, “तिला आहे. तुम्ही जोर लावू नका.”

महिन्यातून एकदा ते कल्याणच्या बाजारातून पेरू घेऊन माझ्याकडे येत आणि आम्ही उपवनच्या तळ्याकाठी जाऊन बसत असू. त्या दुपारी अजूनही माझ्या डोळ्यांसमोर तरंगत असतात. येऊरच्या डोंगराची हिरवी सावली पाण्यात पडलेली, वारा इतका हलका की ती सावली हलते आहे की आपले डोळे मिटत आहेत हे कळू नये. व्याही पेरूच्या चार फोडी करीत, आठ करीत, त्यांना तिखटमीठ लावीत, आणि पात्यावर क्षणभर तळ्याचा सगळा उजेड गोळा होई. बाकावर कुणी अनोळखी येऊन बसला तर त्यालाही फोड मिळे. ती बोटांनी, पात्याच्या टोकावरून कधीही नाही. एकदा मी म्हणालो, “द्या इकडे, आज मी कापतो.” त्यांनी सुरी माझ्या हातात दिली नाही. दोघांच्या मधे बाकावर ठेवली आणि म्हणाले, “आता उचला. हातातून हातात सुरी दिली की भांडण होतं.” मी शिकलेला माणूस, मी अंधश्रद्धेवर त्यांना चांगली वीस मिनिटे सुनावले. ते फोड चावत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “व्याही-व्याही असून आपलं कधी भांडण झालंय?” झाले नव्हते. माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत हा पुरावा बिनतोड होता.

अशा माणसाचे आणि कायद्याचे पटावे कसे? एका नाट्यगृहाच्या दारात त्यांचा अडकित्ता काढून घेतला गेला, तेव्हा पूर्ण पहिला अंक ते अख्खी सुपारी गालात धरून बसले होते. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, हे त्यांनी कुठून तरी वाचून काढले होते आणि म्हणून ते खिशात एक लहान पट्टीही बाळगत. पण सणासुदीला निघणाऱ्या मनाई आदेशापुढे पट्टीचे काही चालेना. तलवारी, भाले, सोटे, सुरे, काठ्या आणि दगड बाळगण्यास मनाई, असे त्यात वाचल्यावर ते घरातल्या दोन्ही विळ्या, नारळ फोडायचा कोयता आणि दिवंगत वडिलांची काठी पिशवीत भरून जवळच्या पोलीस चौकीत जमा करायला गेले.

“हे काय आहे, काका?” तिथल्या हवालदाराने विचारले.

“आदेशाचं पालन. दगड आणता आले नाहीत. आमच्या गल्लीत खडीचा ढीग पडलाय, तो कुठे जमा करायचा तेवढं सांगा.”

“काका, घरी जा आणि भाजी चिरा.”

“हे लेखी द्या,” व्याही म्हणाले.

लेखी काही मिळाले नाही. परत येताना ते माझ्याशी फोनवर बोलले तेव्हा त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, दुखावलेला होता. “कायदा पातं बघतो, व्याहीबुवा. हात बघत नाही. माझ्या हाताला काय माहीत नाही ते विचारा की!” त्यांचे म्हणणे सगळेच मला पटत असे असे नाही. दार राखणाऱ्याने प्रत्येकाचा हात कसा ओळखायचा, असे मी विचारले, तर म्हणाले, “आम्ही गेटवर ओळखायचो.” त्यांचा कारखाना पाच हजारांच्या वस्तीतला होता, हे शहर आता तसले राहिलेले नाही, हे त्यांना मी सांगू शकलो नाही.

आणि आता तो दिवस. सईचा चौथा वाढदिवस. मॉलमधल्या एका उपाहारगृहात केक कापायचा होता. केकसोबत प्लॅस्टिकची जी पांढरी करवत मिळते तिचा व्याह्यांना मनापासून तिटकारा. “ती कापत नाही, केकचा अपमान करते,” असे ते म्हणत. नातीचा केक आपल्या सुरीने कापला जावा, एवढीच त्या सुरीची त्या दिवशीची कामगिरी होती. माझी मुलगी सईला घेऊन वर गेली होती. आम्ही दोघे दाराशी आलो. व्याह्यांनी विचारण्याआधीच सांगितले, “खिशात सुरी आहे.” गुंड असे सांगतात काय?

रखवालदार पन्नाशीचा, परप्रांतातून आलेला, दमलेला माणूस होता. म्हणाला, “अंकल, इधर दे दो.” त्याने हात पुढे केला.

व्याह्यांनी सुरी म्यानातून काढली. धार त्यांना तपासून द्यायची होती, बोथट वस्तू ते कुणाला देत नसत. मग त्यांनी तो पुढे आलेला हात पाहिला आणि एक पाऊल मागे घेतले. “हात में नहीं देगा,” ते म्हणाले. “नीचे रखता है. तुम उठाओ.”

“अंकल, हात में दो!”

“हात में देगा तो झगडा होगा!”

त्यांनी हे अत्यंत कळकळीने सांगितले होते. आपले आणि या अनोळखी माणसाचे भांडण होऊ नये, याची त्यांना खरी काळजी होती. रखवालदाराने शिट्टी फुंकली. कुणी किंचाळले. सरकत्या जिन्यावरचे लोक वरून मोबाइल धरून खाली येऊ लागले. आणि मी? त्यांची रीत ठाऊक असलेला त्या गर्दीतला मी एकटा. मी पुढे होऊन दोन वाक्यांत सगळे समजावून सांगायला हवे होते. मी लोकांच्या नजरांना लाजलो आणि ओरडलो, “अहो, देऊन टाका ना हातात!” त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला पाठ आहे. मग ते गुडघा धरत, सावकाश वाकले आणि त्यांनी सुरी गुळगुळीत फरशीवर ठेवली.

पोलिसांनी त्यांना उचलून नेले नाही. मॉलचा पर्यवेक्षक, व्याही आणि मी, असे तिघे रिक्षाने चौकीत गेलो. सुरी पर्यवेक्षकाच्या रुमालात होती. टेबलामागे एक तरुण बाई अधिकारी बसल्या होत्या. “आणा बघू इकडे,” त्या म्हणाल्या. म्हाताऱ्या हवालदाराने रुमाल सोडला आणि सुरी बाईंच्या हातात न देता टेबलावर ठेवली. व्याह्यांनी माझ्या पोटरीला हळूच पाय लावला.

“आजोबा, मनाई आदेश चालू आहे. माहीत आहे ना?”

“पाठ आहे, ताई. म्हणून दाखवू?”

“मग पाळत का नाही?”

“आज केक होता.”

बाई खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग म्हणाल्या, “सुरी इथे राहील. तुम्ही जा. नात वाट बघत असेल.” आम्ही पोहोचलो तेव्हा केक कापून झाला होता. त्याच मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर एका दुकानाच्या काचेत सहा सुऱ्यांचा संच मांडलेला होता. सर्वांत मोठी दहा इंची असावी. व्याह्यांनी खिशातली पट्टी काढून काचेवर धरली आणि परत खिशात ठेवली.

सुरीसाठी त्यांनी तीन अर्ज केले. ती आली नाही. त्यानंतरही ते पेरू घेऊन येत. तळ्याकाठी बसल्यावर उजवा हात सवयीने खिशात जाई आणि रिकामा परत येई. मग आम्ही पेरू दातांनी खात असू. ऊन तसेच, डोंगराची सावली तशीच, फक्त पाण्यातला उजेड गोळा करायला मधे काही नसे. सौभाग्यवतीने एकदा ताटलीत आमची घरची सुरी ठेवून त्यांच्यापुढे केली, तर म्हणाले, “तुम्हीच कापा, विहीणबाई. माझा हात आता नोंदवहीत आहे.” माझ्या त्या ओरडण्याबद्दल ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. भांडण झालेच नाही. ते झाले असते तर मला आज हे लिहिणे सोपे गेले असते.

ते गेल्यावर रिकामे म्यान सईने मागून घेतले. तिची शाळेची सहा इंची पट्टी त्यात बरोबर बसते.

तर सई, पंगतीत लोक हसतील, तुझे बाबाही पुन्हा ती गोष्ट सांगतील, आणि मी तेव्हा वाद घालायला असेन किंवा नसेन. तू त्यांना एवढेच विचार, की सुरी फरशीवर ठेवली तेव्हा ती कशी ठेवली होती. त्यांना ते सांगता येणार नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. दांडा त्या रखवालदाराच्या बुटांकडे होता, आणि टोक तुझ्या आबांकडे.