चव्वेचाळीस ओळींचं गाणं

दामूभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मळ्यात होतो आणि त्यानंच भरलेली मोटार विहिरीवर चालू होती. बंद करायला हात बटणापर्यंत गेला... पण दाबवेना. महिना होऊन गेला त्याला.

पाचोऱ्यात पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारे चारपाच जण होते, पण गात भरणारा हा एकटाच. कॉइलला तांब्याच्या तारेचे टर्न, म्हणजे वेढे, मोजून घ्यावे लागतात. दामूभाऊ आकडे मोजत नसे, स्वतः रचलेलं गाणं म्हणे. एक ओळ, एक टर्न. माझ्या मोटारीच्या दर कॉइलला चव्वेचाळीस टर्न लागत, आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीचं त्याचं गाणं बरोब्बर चव्वेचाळीस ओळींचं. "एखाद दिवशी गोत्यात येशील," म्हणून मी त्याला चिडवायचो.

मग त्याची पहिली कॅसेट निघायची ठरली. धुळ्याचे रेकॉर्डिंगवाले म्हणाले, "बाजू पुरत नाही हो. शेवटचं कडवं काढा." त्या चार ओळींत आई लेकीला सासरी परत पाठवते. दामूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, "चार ओळींनी काय बिघडतंय?" नको तिथे शहाणपणा! मग दुकानात दिवसभर चाळीस ओळींचीच तालीम सुरू झाली, आणि त्याच दिवसांत माझी मोटार भरायला आली.

वैशाखात ती पुन्हा जळाली. केळी निसवलेली, घड नुकते बाहेर पडलेले, पाण्याविना एकेक दिवस जड. मोटार बैलगाडीत टाकून तणतणत दुकानात शिरलो, तर हा नवा सदरा घालून निघालेला. त्या संध्याकाळी जळगावला कॅसेटचं प्रकाशन होतं. मी तोंडाला येईल ते बोललो. त्यानं मोटार उघडली, नखानं तारा मोजल्या आणि त्याचा चेहराच उतरला.

"चार टर्न कमी पडनात, भाऊ. मन्ही चूक शे."

चार! चूक कुणाची, ते मला कळलं होतं.

"तू जा रे," मी कसंबसं म्हणालो. "लोक वाट बघतील. उद्या भर."

"केळी उद्यापर्यंत थांबी का?" त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला. "आते बठ्ठं गानं म्हनसू."

जळगावला कॅसेट गाणाऱ्याविनाच निघाली. मी स्टुलावर बसून सगळ्या चव्वेचाळीस ओळी ऐकत राहिलो, प्रत्येक कॉइलला पुन्हा पहिल्यापासून. माफी मागायची होती. तेव्हा राहिली, ती राहिलीच.

कॅसेट माझ्याकडे आहे. तिच्यातली लेक सासरी जातच नाही. परवा नवा कारागीर मोटारीला कान लावून म्हणाला, "नाना, जुनी झाली. सगळी तार काढून नव्यानं भरू."

मी त्याला हात लावू दिला नाही.