पुढच्या शीटची बोली

अण्णांच्या जीपमध्ये पुढची शीट लिलावात निघायची. रोज सकाळी वस्तीवरच्या चिंचेखाली गाडी भरत आली की अण्णा ड्रायव्हरच्या दारात एक पाय ठेवून उभे राहायचे आणि आवाज द्यायचे, "पुढची शीट! वारा लागतो, कुणाची कोंबडी मांडीवर येत न्हाय, उलटी होत न्हाय! बोला!" मग माणसं बोलायची. खव्याची पाटी घेऊन निघालेला भट्टीवाला बोलायचा, नवी साडी नेसलेली नवरी बोलायची, तालुक्याला कोर्टाची तारीख असलेला एखादा रुबाबात बोलायचा. जास्त बोलेल तो पुढं. शेवटची शीट म्हणजे मागची स्टेपनी. तिचा भाव अण्णा उतरता लावायचे. "स्टेपनीवर कोण बसतंय? पाठ शेकंल, पण खिसा वाचंल!" माझं अख्खं कॉलेज त्या स्टेपनीवर बसून झालं. बापाला पूर्ण भाडं रोज परवडलं नसतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मी कुणाच्या बाजूनं लिहितेय याचा संशय राहू नये.

आमची वस्ती धाराशिवकडच्या वाशीपासून आत, डोंगराच्या अंगाला आहे. सरकारी बस माझ्या लहानपणी यायची. मग रस्ता खराब म्हणून फेरी बंद झाली, आणि फेरीच नाही तर रस्ता कशाला करायचा म्हणून रस्ता तसाच राहिला. राहिली ती वडाप. ज्या गाड्यांना माणसं वाहायची परवानगी नाही आणि ज्यांच्याशिवाय माणसं कुठंही पोचत नाहीत, त्या गाड्यांना आमच्याकडं वडाप म्हणतात. अण्णा मूळचे बेंबळीकडचे. सासुरवाडीला येऊन राहिले आणि जुनी जीप घेतली. पारावरचे म्हातारे चिडवायचे, "घरजावयाला परमिट लागत न्हाय व्हय?" अण्णा म्हणायचे, "सासऱ्यानं दिलंय की. पोरगी बी दिली, रस्ता बी दिला."

बाजाराच्या दिवशी आणि लग्नसराईत अण्णा भाडं वाढवायचे, तेही उजळ माथ्यानं. एकदा शाळेतले गुरुजी भर गाडीत तापले. "ही लूट आहे अण्णा! अडलेल्या माणसाला लुटता?"

"गुरुजी, मागल्या सराईला भाडं तेवढंच ठिवलं हुतं. तुमी किती वेळ चिंचंखाली बसला व्हता?"

"दुपारपर्यंत."

"आज भाव वाढल्याचं कळलं आन् वाशीच्या दोन गाड्या पळत आल्या. त्या बगा उभ्या. आता तिघं हाय म्हटल्यावर दुपारपस्तोर भाव आपसुक पडंल. घाई नसंल तर दुपारी या, सस्तात जावा." गुरुजी बडबडत त्याच गाडीत बसले. दुपारी भाडं खरंच पडलं. मी अर्थशास्त्र घेतलं ते त्या दिवसामुळं, कॉलेजातल्या पुस्तकामुळं नाही.

पण मीही त्यांच्याशी भांडले आहे. सखूआजीचे गुडघे गेले होते, मागं चढताना ती कण्हायची. मी म्हटलं, "अण्णा, निदान आजीला तरी पुढची शीट तशीच द्या. माणुसकी आहे का नाही?"

"हाय की. तुझ्यात लईच हाय. मग लाव तिच्या नावानं बोली."

"माझ्याकडं कुठले पैसे?"

"म्हंजी माणुसकी तुझी आन् खर्च माझा?"

सगळी गाडी हसली. मला इतका राग आला की त्या दिवशी स्टेपनीवरून उतरून चालत निघाले होते. पण दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्यानं स्वतःहून आजीच्या नावानं बोली लावली. मग लोकांना ती सवयच लागली. अण्णांनी मोबाइलवर ग्रुप काढला, नाव ठेवलं 'पुढची शीट'. आदल्या संध्याकाळीच बोली लागायची. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते बोलून पाठवायचे, मागं म्हशीचा आवाज यायचा. पुण्याला कामाला गेलेली पोरं तिथून बोली लावायची, "अण्णा, उद्या आई दवाखान्यात येणार, तिला पुढं बसवा." सखूआजीचा मुलगा तर महिन्याची शीट एकदम धरायचा. आजी पुढं बसून आम्हा मागच्यांकडं राणीसारखी बघायची. ही सोय कुठल्या खात्यानं केली नव्हती, कुणी मंत्र्यानं तिची फीत कापली नव्हती. एका माणसानं आणि एका स्वस्त मोबाइलनं केली होती.

परमिट नाही हा सगळ्या वडापवाल्यांचा गुन्हा होता, पण तो लपवायची रीत ठरलेली होती. कुणी काचेवर 'शेतमाल' लिहायचा, कुणी 'खाजगी'. नाक्यावर महिन्याचं काय ते पोचतं व्हायचं. अण्णा हप्ता देत नसत. "हप्ता म्हंजी चोरून घेतलेलं परमिट. घ्यायचं तर दारातनं घीन." आणि ते खरंच दारातून घ्यायला निघाले. तेव्हा मी कॉलेज संपवून पत्रकं लिहायला लागले होते. माझं पहिलं पत्रक 'रस्ता कुणाचा?' अण्णांच्या जीपच्या टपावर बसून वाटलेलं. म्हणून त्यांनी मला धाराशिवला, परिवहन कार्यालयात बरोबर नेलं. तिथले साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा पाजला.

"तुमचा मार्ग सरकारी बससाठी राखीव आहे. खाजगी परवाना देता येत नाही."

"पर साहेब, बस येत न्हाय."

"येत नाही, तो वेगळा विषय आहे."

"माझा तर तेवढाच विषय हाय."

साहेबांनी विम्याचं विचारलं. उद्या गाडी उलटली तर माणसांना कोण भरपाई देणार? हा प्रश्न खरा होता, आणि मी तो माझ्या एकाही पत्रकात टाळलेला नाही. अण्णा विमा काढायला गेले होते. तिथं परमिट मागितलं. परमिटाला आलो तर विमा विचारला. बाहेर आल्यावर अण्णांनी जीप सुरू केली. मग स्टँडसमोरच्या पेंटरकडून जीपच्या मागं लाल अक्षरात लिहून घेतलं : 'परमिट नाही. मागितलं होतं.'

बाकीचे वडापवाले हात जोडून आले. "अण्णा, पुसा की ते. तुमच्या पाटीपायी आमचीबी पोटं मारताल."

"चोरून चालवली तर म्या चोर. सांगून चालवली तर चोर कोण, ते वाचणारानं ठरवावं."

मग लांब कुठं तरी एक वडाप उलटली आणि वरून हुकूम आला की गाड्या धरा. आमच्या भागात कधी धरणार हे आदल्या दिवशीच सगळ्यांना कळलं होतं. अशी बातमी आमच्याकडं मोबाइलपेक्षा वेगानं येते. त्या सकाळी सगळ्या जीपा शेतात उभ्या, वर कडब्याच्या पेंढ्या टाकलेल्या. अण्णांची एकटी चिंचेखाली. मी धावत गेले. "अण्णा, आज नको."

"पोरींचा पेपर हाय." गाडीत अकरावीपासून पुढच्या सगळ्या मुली होत्या. माझी धाकटी बहीण सोनाली स्टेपनीवर, माझ्याच जागेवर. मी तिच्या शेजारी घुसले. नाक्यावर पोलिसाचा हात आडवा झाला. फौजदारानं मागं येऊन पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"व्हय. शुद्धलेखन हिनं तपासलंय," माझ्याकडं बोट करून अण्णा म्हणाले.

मुली तिथून चालत पेपरला गेल्या. सोनालीचा पहिला प्रश्न बुडाला. जीप ठाण्याच्या आवारात लागली.

आता ऐका. दंड भरता आला असता, गावानं वर्गणी काढायची तयारी दाखवली होती. गाडी सुटायला अडचण एकच होती. पुन्हा प्रवासी भरणार नाही, असं लिहून द्यायचं. हे सगळेच लिहून देतात. लिहून द्यायचं, गाडी सोडवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माणसं भरायची. देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, असा तो कागद असतो. अण्णांनी पेन खाली ठेवलं.

"ह्ये म्या लिवून दिलं तर पाळावं लागंल."

"कोण पाळतंय अण्णा? सही करा आणि चला!" मी ओरडले.

"म्या पाळतो. तोंडानं बोललेली बोली पाळतो, मग लिवलेली न पाळून कसं भागंल? आन् पाळली तर पोरी जात्याल कशानं?"

"आता तरी कशानं जाणार आहेत?"

त्यांनी कागद टेबलावर परत सरकवला.  आजही मी त्या माणसावर चिडते आणि मग माझाच राग मला खोटा वाटतो. खोट्या सहीवर चालणाऱ्या व्यवस्थेत ज्याला खोटी सही जमत नाही तो एकटा गुन्हेगार ठरला. ज्यांनी सही केली त्यांच्या गाड्या आठवड्यात रस्त्यावर आल्या. पण त्या वाशीच्या डांबरी रस्त्यावर. आमच्या आतल्या खडकाळ वाटेवर कोण स्प्रिंगचे पाटे मोडून घेणार? तिथं रोजच्याला एकटे अण्णाच यायचे.

मी सभा लावली. पत्रक काढलं, घरोघर गेले. त्या जीपमध्ये बसून ज्यांचे बाजार झाले, बाळंतपणं वेळेवर पोचली, खटले निकालात निघाले, त्यातले मोजके लोक आले. आणि आले त्यांनीही ठराव कसला केला? सरकारी बस पाहिजे! गुरुजी म्हणाले, "अण्णा माणूस चांगला, पण बेकायदा गोष्टीची मागणी कशी करायची?" त्याच बेकायदा गोष्टीत बसून गुरुजींची नोकरी झाली होती. अण्णा मागं भिंतीला टेकून ऐकत होते. मी उठून बोलायला लागले तर त्यांनी मान हलवली. "बोलू दे. बोलायला परमिट लागत न्हाय."

आणि बस आली बरं का! झेंडूच्या माळा घालून आली. नारळ फुटला, पुढारी चाकाजवळ उभे राहिले, फोटो निघाला. सखूआजीला उचलून पुढच्या शीटवर बसवलं, फोटोसाठी. बस काही दिवस धावली. मग एकदा वळताना मागचं चाक चरीत गेलं. रस्ता खराब म्हणून फेरी बंद. मी अर्ज केले, डेपोत धरणं धरलं, पत्रकं छापली. उत्तर आलं की मार्ग मंजूर आहे. मंजूर आहे! मंजूर मार्गावर आता माणूस चालत जातो.

सोनालीनं कॉलेज सोडलं. रोज चालून जायचं, चालून यायचं. उन्हाळ्यापर्यंत तिनं रेटलं. मग आई म्हणाली, बास. ती आता भट्टीवर खव्याची कढई हलवते. धुरानं डोळे लाल होतात. मी नवं पत्रक घरी आणलं की ती पहिल्यांदा मागच्या बाजूला काही छापलंय का ते बघते. नसेल तर त्यावर खवा निवायला ठेवते. परवा मला म्हणाली, "ताई, तुझा कागद लई चांगला असतो. शाई सोडत न्हाय." मला हसता आलं नाही.

अण्णा पुण्याला निघाले, मेव्हण्याच्या ओळखीनं मोबाइलवरून बोलवायची टॅक्सी चालवायला. डांबरी रस्त्यापर्यंत आम्ही चालत गेलो. वडाप आली. ड्रायव्हर त्यांनीच शिकवलेला. तो खाली उतरला. "अण्णा, पुढं बसा. तुमच्याकडनं काय घ्यायचं?"

"बोली लाव."

"अण्णा, असं नका ना करू."

"बोली लाव म्हंतो ना!"  सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग अण्णांनीच पिशवी उचलली, मागं गेले आणि स्टेपनीवर बसले. "परवडतंय तितंच बसावं," म्हणाले. गाडी हलली. माझ्या जागेवर बसून ते माझ्याकडं बघत गेले.

आता कधीमधी फोन होतो. मी विचारलं, तिथं बाजार तर मोकळा आहे ना? तिथं तरी तुमचा भाव तुम्हीच लावत असाल?

"भाव फोन लावतो, पोरी. मला आधी कळत न्हाय, गिऱ्हाइकाला कळत न्हाय का वाढला. कुणासंगं भांडावं? फोन ऐकतोय व्हय?"

"मग सोडा की! तुम्हीच शिकवलंत ना, पटत नसेल तिथून उठायचं म्हणून."

"उठायला मोकळाच हाय म्या. जायचं कुटं, तेवढं तू सांग. जीप सुटली का?"

जीप सुटलेली नाही. मी महिन्यातून एकदा आवाराच्या तारेतून बघून येते. टायर बसलेत, चाकातून घाणेरीची झुडपं वर आली आहेत. पाटीतलं 'परमिट नाही' उन्हानं उडालंय. 'मागितलं होतं' तेवढं दिसतं. हे मी त्यांना सांगत नाही.

"हितं एक गोष्ट लई वंगाळ," त्या दिवशी ते म्हणाले. "पुढच्या शीटवर कुणीच बसत न्हाय. येत्यात, मागचं दार उघडत्यात, मोबाइल बघत बसत्यात. रिकामी शीट घिऊन दिवसभर फिरतो म्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, उद्याची पुढची शीट माझी. बोला, काय घेता?"

पलीकडं हॉर्न वाजत होते. 

"न्हाय पोरी," ते म्हणाले. "बोली घ्यायला आदी गाडी आपली पायजे."